चार वाजताचा फोन

तीस वर्षं मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बंद पडलेली मशीनं चालू करायचं काम केलं. हुद्दा मेंटेनन्स फिटरचा, पण शॉपमधले सगळे मला डॉक्टर म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. म्हणूनच बायकोचा फोन लॅपटॉपला जोडायला मला पाच दिवस लागले ही गोष्ट मी बरेच दिवस दाबून ठेवली होती. आता सांगायला हरकत नाही. चूक कोणाची होती ते घरात सगळ्यांना कळलंय, तेव्हा झाकली मूठ झाकून ठेवण्यात काही अर्थ उरलेला नाही.

फोन तसा म्हातारा. लेकीला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा तिनं आईला घेऊन दिलेला. पडद्याचा खालचा कोपरा बोट ओळखायचा नाही, बॅटरी फुगून पाठीला पोक आलेलं, आणि दर दोन दिवसांनी ‘जागा भरली’ अशी तक्रार. दिवाळीत लेकीनं नवा फोन आणला, तो बायकोनं वापरायलाही घेतला, पण जुना काही टाकला नाही. रोज चार वाजता चहाचा कप घेऊन ती स्वयंपाकघरात जायची, दार लोटून घ्यायची आणि तो जुना फोन कानाला लावून बसायची. त्यात सिमकार्ड नाही हे मला माहीत होतं. मी आपला समजलो, भजनं ऐकत असेल.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. ती त्या लोटलेल्या दारातून बाहेर आली, चेहरा उतरलेला, हातात फोन.

“अहो,” ती म्हणाली, “माय गेली हो ह्यातली.”

मी दचकून दिवाणाकडे बघितलं. सासूबाई तिथंच होत्या, उशीला टेकून बसलेल्या, माझ्याकडं बघायचं टाळून खिडकीतून समोरच्या गॅलरीतले कपडे बघत असलेल्या. त्या कुठंही गेलेल्या नव्हत्या.

हा प्रकार काय आहे ते समजायला सासूबाईंची थोडी ओळख हवी. त्यांचं सगळं आयुष्य लासूर स्टेशनला गेलं. सासरे गेल्यावरही त्या तिथंच एकट्या राहिल्या, कारण माझी बायको ही त्यांची एकुलती एक लेक, आणि लेकीच्या घरी राहायचं नाही हा त्यांचा नेम. आमच्याकडं मुकुंदवाडीला यायच्या, दुपारच्या गाडीनं परत जायच्या. पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं प्यायच्या. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि माझ्याशी त्या थेट कधी बोलल्या नाहीत. मी समोर बसलेलो असलो तरी दाराच्या चौकटीकडं बघून लेकीला म्हणायच्या, “पाव्हण्यांना म्हणावं, अजून एक पोळी घ्या.” मीही चौकटीलाच उत्तर द्यायचो, “मामींना सांग, पोट भरलं.” अशी आमची तीस-बत्तीस वर्षं चौकटीमार्फत गेली, आणि भांडण एकदाही झालं नाही. ज्यांची सासू थेट बोलते त्या मित्रांचे हाल बघून मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटायची.

लेकीशी मात्र त्या रोज चार वाजता फोनवर बोलायच्या. दुपारची झोप झालेली असायची, मोंढ्याच्या बाजारातल्या गाड्यांचा कालवा कमी झालेला असायचा. आमच्या ह्या जुन्या फोनमध्ये दुकानदारानं पहिल्याच दिवशी कुठलं तरी बटण चालू करून दिलं होतं आणि त्यामुळं प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड व्हायचं. कोणाला पत्ताच नव्हता. ‘जागा भरली’ची तक्रार त्यातूनच यायची.

मग आषाढात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नेम कोण पाळणार, मीच गाडी करून त्यांना मुकुंदवाडीला घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, पण बोलणं परत येईल की नाही ते सांगता येत नाही. चार महिने होत आले, एक ‘आं’ सोडला तर काही आलं नव्हतं. पदर सावरायला उजवा हात चालत नाही, म्हणून मी खोलीत आलो की त्या डाव्या हातानं कसाबसा तो ओढायच्या आणि तोंड खिडकीकडं करायच्या. मला वाईट वाटायचं. मी खोकून, पायातली चप्पल वाजवून आत यायला लागलो, म्हणजे त्यांना तेवढा वेळ मिळेल. माझ्याच घरात मी असा पाहुण्यासारखा वावरत होतो.

आता आलं ना लक्षात. माय गेली ती ह्या फोनमधली. बायकोला ती रेकॉर्डिंग सापडली होती आषाढातच, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून फोन चाळताना. तेव्हापासून रोज चार वाजता एक बोलणं ती ऐकायची. दार लोटायची ते आईला कळू नये म्हणून. स्वतःचा आवाज ऐकून तिला वाईट वाटंल, असं बायकोचं म्हणणं. आणि त्या दिवशी ती यादी उघडायला गेली की फोन बंद पडून पुन्हा चालू व्हायला लागला. दहा वेळा उघडली, दहा वेळा तेच.

मी फोन हातात घेतला, वजन करून बघितलं, पाठीचं पोक बघितलं आणि निदान केलं. पेशंट जाणार, पण जायच्या आधी आतलं सामान काढून घेता येईल. लॅपटॉपला जोडायचा, सगळी बोलणी उतरवून घ्यायची. दहा मिनिटांचं काम.

बायकोनं दोन अटी घातल्या. फोन कोणा दुकानदाराच्या हातात द्यायचा नाही. आणि उतरवून घ्या, पण ऐकायचं नाही.

“आमचं मायलेकीचं बोलणं हाय ते,” ती म्हणाली. “तुमच्या कामाचं नाय.”

तिनं ज्या घाईनं हे सांगितलं त्यावरून त्या बोलण्यात कोणाचा उद्धार झालेला असणार ते मला बरोबर कळलं. पण मी मोठ्या मनानं होकार दिला.

लेकीचा कॉलेजातला लॅपटॉप माळ्यावरून काढला, पुसला. चार्जरची वायर घेतली, एक टोक फोनला, एक लॅपटॉपला. फोनवर विजेचं चिन्ह आलं, म्हणजे करंट जातोय. लॅपटॉप मात्र ढिम्म. वायर काढली, घातली. लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात घातली. फोन बंद करून चालू केला, लॅपटॉप बंद करून चालू केला. कारखान्यात आम्ही यालाच उपाय म्हणायचो आणि तो दहापैकी सात वेळा लागू पडायचा. हा उरलेल्या तिनातला निघाला.

सासूबाई दिवाणावरून बघत होत्या. मी तिसऱ्यांदा वायर उपसली तेव्हा त्यांनी ‘आं’ केलं आणि डाव्या हाताचं बोट कपाळाला लावलं. बायको उठली, बामची डबी आणली आणि त्यांच्या कपाळाला चोळली. डोकं दुखत असणार, माझी खुडबुड बघून माझंही दुखायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती, तरी कानात ते बोंडूक घालून अर्धा तास माझ्याबरोबर राहिली. ती म्हणाली, बाबा, वायर जोडली की फोनवर प्रश्न येतो, नुसतं चार्जिंग की फाईल पाठवायच्या. त्यात फाईल निवडा. प्रश्नच येत नव्हता. मग तिनं मला फोनच्या सेटिंगमध्ये पार तळाला नेलं आणि एका आकड्यावर सात वेळा टिचकी मारायला सांगितली. मारली. फोननं जाहीर केलं की मी आता डेव्हलपर झालो आहे. तीस वर्षांत मला साधं सुपरवायझर केलं नाही कोणी, आणि इथं सात टिचक्यांत बढती. मी नव्या हुद्द्यानं पुन्हा वायर जोडली. ढिम्म.

लेक म्हणाली, मग इंटरनेटवर चढवू या, नाहीतर मला पाठवा. पण तसं पाठवायला ती यादी उघडावी लागते आणि यादी उघडली की फोन बेशुद्ध, हा मूळ आजार. शिवाय बायको पलीकडून हातवारे करत होती की लेकीलाही काही पाठवायचं नाही. त्यातले काही उद्धार लेकीच्या सासरचेही असावेत.

तिसऱ्या दिवशी मी गल्लीच्या टोकाला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे तिथं गेलो. अटीप्रमाणं फोन घरी ठेवला, फक्त वायर नेली. दुकानदार माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, कपाळावर भिंग चढवलेलं. त्यानं वायर दोन बोटांत धरून उजेडात बघितली.

“चचा, ये केबल खाली चार्जिंग का है,” तो म्हणाला. “खाना खिलाता, बात नै करता.”

मी दोन दिवस मुक्या वायरीनं फोनशी बोलायचा प्रयत्न करत होतो. फिटर माणसानं वायर आधी तपासायची असते हे मी कितीतरी पोरांना दरडावून शिकवलेलं, आणि मीच चुकलो होतो. बोलणारी वायर घेतली. तो म्हणाला, फोन आणा, बघून देतो. मी म्हणालो, घरवाली सोडत नाही. त्यानं अगदी समजून घेतल्यासारखी मान हलवली.

घरी येऊन नवी वायर लावली. लॅपटॉपनं ‘टुडुंग’ केलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तेवढ्यात दुसरं, उतरत्या सुराचं ‘टुडुंग’ झालं आणि सगळं गप्प. वायर जरा दाबून धरली की एकदा वाजायचं, सोडली की गेलं. पडद्यावर पाटी आली की उपकरणाची ओळख पटली नाही. सासूबाईंनी परत कपाळाला बोट लावलं, यावेळी दोनदा, आणि ‘आं’ जरा जोरात. परत बाम. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी डाव्या हातानं डबीच ढकलून दिली. बायको म्हणाली, माय चिडचिडी झालीय हल्ली.

चौथ्या दिवशी मी चिडलो. खरं तर मी चिडलो होतो पहिल्याच दिवशी, चौथ्या दिवशी ते बाहेर आलं. मी बायकोला म्हणालो, तूच कधी तरी फोन पाडला असशील, ओल्या हातानं धरला असशील, आतलं कनेक्शन सुटलंय, आता ह्यात काही राम नाही. आणि एवढं काय त्यात, ‘भाजी काय केली, जेवलीस का’ यापलीकडं असतं काय तुमच्या बोलण्यात.

ती पोळीचं पीठ मळत होती, ते मळत राहिली. मग हात थांबवून हळू म्हणाली, पलीकडं आईला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

“परवा मला तिचं एक वाक्य आठवलं. नुस्तं वाक्य आठवलं. आवाज आठवंना. बसून बसून आठवला तवा आला. अजून वर्षानं येईल का हो?”

मला माझीच लाज वाटली. भाजी काय केली, जेवलीस का, हेच तर तिला हवं होतं. माय समोर बसलेली आहे, तिला रोज न्हाऊ-खाऊ घालतोय, आणि तरी ती हळूहळू जातेय, हे मी त्या चार महिन्यांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मी तिला म्हणालो, उतरवून देतो, काही झालं तरी देतो. म्हणताना आवाजात खात्री होती, पण करायला आता एकही उपाय शिल्लक नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी मी सगळं पुन्हा मांडलं. दिवाणाजवळच्या टेबलावर लॅपटॉप, वायर, फोन. बायको आंघोळीला गेली होती. म्हणजे खोलीत मी आणि सासूबाई, मध्ये चौकट नाही. मी चष्मा लावून वायर दाबून धरत होतो, सोडत होतो. टुडुंग, टुडुंग. पाठीमागून ‘आं’ आलं. वळून बघितलं तर बोट कपाळावर. मी उठून बामची डबी शोधायला लागलो. त्यावर त्यांनी असा काही ‘आंऽऽ’ केला की मी डबी जागेवर ठेवली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या सरळ माझ्याकडं बघत होत्या, आणि नजर चांगलीच करडी होती. बोट कपाळावरून उचललं आणि कोपऱ्यातल्या देवाकडं दाखवलं.

मला वाटलं, नमस्कार करायचा असेल. मी देवाच्या पाटावरचा निरंजनाचं तबक आणलं. नाही. घंटी. नाही. हळद-कुंकवाचा करंडा उचलला तेव्हा मान हलली. आता ही विधवा बाई, हिनं कुंकवाला तीस वर्षांत हात लावलेला नाही, हिला करंडा कशाला हवा? पण मी तो समोर धरला. त्यांनी डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं, टेबलावरच्या फोनकडं नेलं आणि फोनच्या खालच्या कडेवर, जिथं वायरीचं भोक असतं, तिथं मोजून एक इंचावर हवेतच थांबवलं. टेकवलं नाही. नुसतं दाखवलं. मग माझ्याकडं बोट केलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इतका लख्ख पडला की मी दिवाणाच्या कडेवर बसलोच.

खंडेनवमी. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला हत्यारांची आणि मशिनींची पूजा व्हायची आणि तीस वर्षं ती मीच करायचो. पाने, पकडी ओळीनं मांडायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या आणि प्रत्येक मशीनला ओल्या हळद-कुंकवाचा टिळा लावायचा. टिळा कुठं लावायचा याचा नियम माझा होता. जिथून करंट आत येतो तिथं, मेन स्विचवर. मशीनचं कपाळ तेच. एकदा एका नव्या पोरानं कंट्रोल पॅनलच्या जाळीतून कुंकू आत सांडलं तेव्हा मी त्याला सगळ्या शॉपसमोर झापलं होतं, की देवाचं करतोस पण डोकं गहाण ठेवून करतोस.

रिटायर झाल्यापासून ही पूजा मी घरी करतो. यंदाही केली, सासूबाईंच्या दिवाणासमोरच पाट मांडून. टेस्टर, पकड, मीटर, मिक्सर, लेकीचा लॅपटॉप, बायकोचा फोन. मिक्सरला टिळा बटणावर लावला. लॅपटॉपला बटणावर लावला, तिथं अजून पिवळट डाग आहे. आणि फोनचा मेन स्विच कुठला, यावर मी चष्मा काढून चांगला विचार केला होता. करंट आत येतो ते भोक खाली. मी फोन उलटा धरला, ओलं हळद-कुंकू बोटावर घेतलं आणि भोकावर नीट, दाबून, श्रद्धेनं टेकवलं. वर अक्षता सोडल्या.

सासूबाई ते सगळं बघत होत्या. त्यांना तेव्हाच कळलं असणार. सांगणार कशा? आणि वाचा असती तरी चौकटीशिवाय सांगणार कशा?

मी करंडा खाली ठेवला आणि भिंग काढलं. भोकात बघितलं. आतल्या बारीक पट्ट्या पाच. कडेच्या दोन स्वच्छ दिसत होत्या, त्यांतून करंट जायचा. मधल्या, ज्यांतून बोलणं जातं, त्यांच्यावर लाल-पिवळं वाळून दगड झालेलं, आणि त्यात तांदळाचा अर्धा दाणा अडकलेला. वायर दाबली की तेवढ्यापुरतं टेकत होतं, सोडली की तुटत होतं. पाच दिवस मी वायरीला, लॅपटॉपला, दुकानदाराला आणि बायकोला दोष दिला होता.

फोन बंद केला. उदबत्तीची काडी घेतली, तिचं बांबूचं टोक ब्लेडनं तासून बारीक केलं आणि कोरायला बसलो. कारखान्यात कोट्यवधींच्या मशिनीलाही मी इतकं जपून हात लावला नव्हता. एक पट्टी वाकली तर सगळं गेलं. कण कण निघाला, कागदावर चिमूटभर कुंकू जमलं. शेवटी तो तांदळाचा दाणा टुणकन उडाला आणि सासूबाईंच्या गोधडीवर पडला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला. मऊ ब्रशनं भोक झाडलं, फुंकर न मारता, कारण थुंकी जाते, हेही मीच लोकांना शिकवलेलं.

बायको केस पुसत बाहेर आली तेव्हा लॅपटॉप एकदाच ‘टुडुंग’ म्हणाला होता आणि पडद्यावर फोनचं नाव आलेलं होतं. फोननं तो प्रश्नही विचारला, चार्जिंग की फाईल. मी फाईलवर बोट ठेवलं. ती माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. हिरवी पट्टी सरकायला लागली. सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात मी कोणाला टेबलाजवळून चालूही दिलं नाही. अकराशेच्या वर बोलणी उतरली. मग ती सगळी दोन पेनड्राइव्हमध्ये घातली, एक कपाटात, एक देवाच्या पाटाखाली.

बायकोनं विचारलं, झालं काय होतं. मी म्हणालो, भोकात कचरा होता. दिवाणावरून ‘आं’ आलं. मग मी खरं ते सांगितलं. बायको पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला राग आला नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता फिटरचा एक धर्म असतो. मशीन दुरुस्त केलं की चालवून बघितल्याशिवाय सही करायची नाही. मी बायकोला म्हणालो, मी कान बंद करतो, तू एक लावून बघ, नीट उतरलंय का. तिनं आईकडं बघितलं, आवाज बारीक करायला गेली, पण लॅपटॉप तिच्या सवयीचा नव्हता. बारीक करायच्या ऐवजी तिनं तो पूर्ण सोडला आणि मधलंच कुठलं तरी एक बोलणं लागलं.

खोली भरून सासूबाईंचा आवाज आला. ठणठणीत, लासूरचा, पाठीमागं कुठं तरी एक ट्रॅक्टर.

“काय करायलीस गं? जेवलीस का?”

मग बायकोचा आवाज. ती तक्रार करत होती की यांनी मिक्सर खोलून ठेवलाय, सगळ्या ओट्यावर पुर्जे, दोन दिवस झाले, पाट्यावर चटणी वाटायलेय मी.

“खोलू दे,” सासूबाई म्हणाल्या. “लई हट्टी हाय ते, माझ्या बापासारखं. पण खोलून बसणारा माणूस परवडला बाई, आदळून फेकणारा नाय परवडत. तू त्याच्यावर वरडू नको. चहा टाक त्याला. म्या काय तुला पारखून दिली नाय व्हय?”

बायकोनं घाबरून बटणं दाबायला सुरुवात केली, पण ते थांबेना. कान बंद करायचे मी विसरून गेलो होतो. तीस-बत्तीस वर्षं मी त्या बाईसमोर एक एक पोळी जास्तीची खाल्ली, आणि तिला मी कसा वाटतो हे मला कधी ठाऊकच नव्हतं. मी भिंग पुसत बसलो.

दिवाणावर हालचाल झाली. सासूबाईंनी डाव्या हातानं पदर ओढला, थेट हनुवटीपर्यंत, आणि त्याच्या आत त्यांचे खांदे हलायला लागले. बायको धावली. मायला वाईट वाटलं, मायला ऐकवलं मी, असं म्हणत तिनं तो पदर बाजूला केला. सासूबाई हसत होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

मग मी खुर्ची वळवली. चौकटीकडं बघितलं नाही.

“मामी,” मी म्हणालो, “तो मिक्सर मी दोनच दिवसांत जोडला होता.”

पदर खांद्यावर पडला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला. माझ्या डोळ्यांत बघून मान नाही म्हणून हलवली, आणि डाव्या हाताची तीन बोटं वर केली.

खरंच, तीन दिवस लागले होते. मला आता आठवलं.